एक नग वादात

धाकटे भावोजी हा जगाच्या पाठीवरचा एकमेव माणूस असेल, ज्यानं उडत्या पाखराला पावती फाडल्याशिवाय कधी पुढे जाऊ दिलं नाही. धाकटे भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे धाकटे दीर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला 'अहो-जाहो' करायचे आणि 'पाव्हणे' म्हणायचे, कारण मी त्यांच्या वहिनीचा भाऊ. आखातात, खोर फक्कानच्या बंदरात ते एकतीस वर्षं टॅली क्लार्क होते. टॅली क्लार्क म्हणजे जहाजातून उतरणारा आणि जहाजात चढणारा प्रत्येक कंटेनर मोजणारा माणूस. जहाजाचा एक आणि बंदराचा एक, असे दोघं उभे राहून मोजतात, आणि कागदावर दोघांच्या सह्या पडल्या तरच तो कंटेनर उतरला असं धरतात. एकाच सहीवर काहीही उतरत नाही, मग ते चाळीस फुटी धूड डोळ्यांसमोर उभं का असेना. हा नियम बंदरात सगळेच पाळतात. भावोजींनी तो बंदराच्या फाटकाबाहेर काढला आणि डोंगरातल्या पाखरांना लावला, एवढाच त्यांचा वेडेपणा. बाकी माणूस अगदी सरळ.

त्यांचं म्हणणं असं, की एकट्या माणसानं पाहिलेला पक्षी हा पक्षी नव्हे, ती आठवण. पक्षी व्हायला दोन सह्या लागतात. आणि दुसरी सही म्हणून या परमुलखात त्यांना हक्काचा माणूस एकच होता. आता आपल्याकडे बहिणीच्या सासरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तो पाणी मागेल तर पाणी द्यायचं, पक्षी बघायला बोलावेल तर पक्षी बघायला जायचं. त्यातून मला या देशात आणलं ते त्यांनीच. चोविसाव्या वर्षी त्यांनी धाडलेल्या व्हिसावर मी आलो आणि नोकरी लागेपर्यंत तीन महिने त्यांच्या खोलीत, त्यांच्या खाटेवर झोपलो. ते खाली चटईवर झोपायचे, 'पाठीला बरं असतं' म्हणून. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांना पाखरांचा नाद लागला, तेव्हा ताई गावाहून फोन करायची, "धाकटे भावोजी एकटेच असतात रे तिथं. बायकापोरं इकडे, ते तिकडे. सुट्टीच्या दिवशी जात जा." मग मी जात असे. मी थकलेला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आठवड्याचे सहा दिवस अल क्वोजच्या कारखान्यांच्या वस्तीत, एसीचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामावरच्या ऑफिसात मी पत्र्यांचा आवाज ऐकत बसतो. सातव्या दिवशी, आधी तो शुक्रवार असायचा, आता रविवार असतो, माणसाला दुपारपर्यंत लोळावंसं वाटतं. त्याऐवजी मी पहाटे पाचला शारजाहून गाडी काढायचो, डोंगरातले बोगदे एकामागून एक पार करायचो, आणि बोगद्यात शिरताना प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, की पुढच्या रविवारी खलास, काहीतरी सबब सांगायची. बारा वर्षं मी हे म्हणत होतो.

खोर फक्कानहून अर्ध्या तासावर एक वादी आहे. वादी म्हणजे इथली नदी. तिच्यात गोटे असतात, वाळू असते, बोरीची आणि बाभळीसारखी झाडं असतात, कडेला खजुराच्या बागा असतात. फक्त पाणी नसतं. वर्षातून एकदोनदा ते येतं, मोटारी वाहून नेतं, आणि चार डबकी मागे ठेवून निघून जातं. या वादीच्या काठानं आता मालगाडीचा रूळ गेला आहे. रूळ टाकताना डंपर जायला म्हणून मुरमाचा रस्ता केला होता, तो कुंपणाच्या बाहेरून तसाच राहिला. एका अंगाला तारेचं कुंपण आणि रूळ, दुसऱ्या अंगाला कोरडी नदी, वर तांबडे-काळे उघडे डोंगर, आणि रुळाखालून पुराचं पाणी जायला ठिकठिकाणी बांधलेल्या मोऱ्या. त्याआधी आम्ही नदीच्या गोट्यांतूनच चालायचो; पुढे हाच आमचा पायरस्ता झाला. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर. भावोजींनी ते पावलांनी मोजलेले आहेत. मी गाडीच्या काट्यावर दहा पॉइंट आठ म्हटलं, तर ते शांतपणे म्हणाले, "गाडीला वळणं कळत नाहीत."

पक्षी बघणारी माणसं मातीच्या रंगाचे कपडे घालतात, झुडपाआड बसतात, कुजबुजतात. भावोजी बंदराचं नारिंगी, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून, डोक्यावर पांढरं हेल्मेट चढवून रस्त्याच्या मधोमध चालायचे. मी एकदा म्हटलं, की यानं पाखरं बुजतील. म्हणाले, "आपण काय चोर आहोत? मोजणारा माणूस दिसला पाहिजे. लपून मोजतो त्याच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवील?" आणि सांगायला लाज वाटते, पण पाखरं खरंच बुजत नसत. सात-आठ महिन्यांत त्यांनाही सवय झाली असावी, की हा नारिंगी ठिपका आला की आपली हजेरी होते. हातात पुठ्ठ्याला क्लिप लावून टॅलीचे जुने, बाद झालेले छापील कागद असत. त्यावर रकाने तेच: वेळ, जागा, नग, बाह्य स्थिती, शेरा. 'सकाळी ६.५०, तिसरी मोरी, वेडा राघू, नग ४, स्थिती चांगली.' 'सकाळी ७.०५, खजुराची बाग, साळुंकी, नग ११, पैकी एकीची शेपटी अर्धी, आमच्या ताब्यात येण्याआधीपासून.' हे शेवटचं वाक्य ते न चुकता लिहीत. मोडतोड आपल्या ताब्यात असताना झाली नाही, हे कागदावर आलं पाहिजे. नाहीतर उद्या साळुंकी क्लेम लावील.

कावळेसुद्धा मोजायचे. माझी मुलगी एकदा बरोबर आली होती, दहावीत असताना, कानात ते बोळे घालून. भावोजींनी तिला पुढे करून सांगितलं, "ते बघ, खांबावर. कावळा, नग एक." ती मान वर न करता म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ क्रो." भावोजी जागीच थांबले. "जस्ट म्हणजे काय गं? सोन्याचे कंटेनर मोजायचे आणि कांद्याचे सोडायचे, असं असतं का?" ती हसली आणि पुन्हा कधी आली नाही, पण घरी कोणी 'जस्ट' म्हटलं की अजून ती हेल्मेट सावरल्याचा अभिनय करते. एकच धोबी पक्षी झुडपात शिरून पुन्हा बाहेर आला, तर तो तोच की दुसरा, यावर आम्ही एकदा पाऊण तास उन्हात उभे होतो. मी म्हणालो, "भावोजी, तोच असणार बहुतेक." 'बहुतेक' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नसतो. त्यांनी दुर्बीण खाली केली, माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि विचारलं, "पाव्हणे, तुम्हाला पगार बहुतेक मिळतो का?"

मालगाडी आली की पक्षी बंद. डोंगरातून ती धडधडत यायची, मैलभर लांब, आणि भावोजी सावधानमध्ये उभे राहून वाघिणी मोजायचे. त्या वेळी बोललं तर पाप. गाडी गेली की एक आकडा म्हणायचे, तो कुठेही लिहायचे नाहीत, आणि पुढे चालू लागायचे. मोजलं का मग? तर समोर आलं म्हणून. पहिल्या मोरीपाशी रेल्वेचा एक पठाण वॉचमन बसायचा. पहिल्यांदा त्यानं अडवलं. "क्या गिन रहे हो, हाजी?" भावोजी म्हणाले, "चिडिया।" पठाणानं डोंगराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, जाकिटावरच्या पट्ट्या बघितल्या आणि आदरानं विचारलं, "कौन सी कंपनी की?" त्यानंतर तो आमचाच झाला. आम्ही दिसलो की लांबूनच ओरडायचा, "आज कितना निकला?" आणि भावोजी आकडा सांगायचे. तो मान डोलवायचा, जणू उत्पादन समाधानकारक आहे.

त्यांचा आकडा कधी चुकत नसे, ही बंदरावरची दंतकथा मी त्यांच्या तोंडून नव्हे, इतरांकडून ऐकली. एका जहाजाचा माणूस म्हणाला चारशे बारा उतरले, भावोजी म्हणाले चारशे अकरा. जहाज निघायची वेळ झालेली, कप्तान चिडलेला, वरून फोन, यल्ला यल्ला, चल आटप, एका नगासाठी काय धरून बसलास, कर सही. भावोजींनी सही केली, पण वर शेरा मारून. अशा वेळचा शेरा ठरलेला असतो: 'एक नग वादात. सापडल्यास पोचता करणे.' चार दिवसांनी पुढच्या बंदरात त्याच जहाजाच्या पोटात तो एक कंटेनर सापडला आणि निमूटपणे परत आला. तेव्हापासून बंदरावर कोणी 'नक्की ना?' असं त्यांना विचारलं नाही. माणसाजवळ काय असतं हो? कुणाजवळ जमीन असते, कुणाजवळ पोरं नाव काढतात. भावोजींजवळ तेवढंच होतं. त्यांनी 'पाहिलं' म्हटलं की ते तिथं असायचंच.

आता जे सांगायचं आहे, ते सांगतो. इतकी पानं मी जाकिटाभोवती आणि कावळ्यांभोवती फिरलो, ते तिथवर जायचं नव्हतं म्हणून.

आमच्या ऑफिसचे मोठे साहेब इंग्रज आहेत आणि पक्षिवेडे आहेत. मीच कधीतरी बढाई मारली, की माझे एक नातेवाईकही या छंदातले आहेत. साहेबांनी भावोजींना आपल्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं. त्या ग्रुपवर मोठाल्या कॅमेऱ्यांची माणसं होती. भावोजी तिथं दर रविवारी आपल्या कागदाचा फोटो टाकायचे. आधी लोकांना गंमत वाटली, मग सवय झाली, आणि मग कोणीतरी लिहिलं, की या वादीची इतकी नियमित मोजणी दुसऱ्या कोणाकडे नाही. भावोजींनी ते वाक्य मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना म्हणाले, "म्हणजे सही कामाला आली तुमची."

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. त्यांची सुट्टी पाळीप्रमाणे बदलली आणि सोमवारी आली. रविवारी दुपारी त्यांचा फोन, "पाव्हणे, उद्या या. पाऊस झालाय डोंगरात, डबकी भरलीत. एकट्यानं जाऊन काय करू?" मी नाही म्हणायला हवं होतं. किंवा साहेबांना सरळ सांगायला हवं होतं. दोन्ही माझ्या स्वभावात नाही. मी क्लिनिकमध्ये गेलो, डॉक्टरनं कंबरेत जिथं जिथं दाबलं तिथं तिथं कण्हलो, आणि एका दिवसाची सिक लीव्ह टाकली. सकाळी रस्त्यावर चालताना भावोजींना हे सांगितलं, तर त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "खोटं कशाला? पक्षी बघायला जातो म्हणायचं."

"साहेब रजा देत नाहीत, भावोजी, पक्ष्यांसाठी."

"मागितली होतीत?"

मी पावलं उचलली. सातवी मोरी यायची होती. तिच्या तोंडाशी एक वाकडी बोर, आणि बोरीखाली पुराबरोबर आलेला पाचोळा. त्या पाचोळ्यात काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं. भावोजींचा हात माझ्या दंडावर आला आणि तिथंच घट्ट बसला. आम्ही खाली बसलो, मांडीला मांडी लावून, धुळीत. मोरीच्या सावलीतून ते पाखरू उन्हात आलं. हिरवी पाठ, पिवळट पोट, डोळ्यावरून काळी पट्टी, खांद्यावर निळा चमचमता ठिपका, आखूड शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल. मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, पण याला ओळखायला कळावं लागत नाही. नवरंग. आमच्या कोकणात परसातल्या करवंदीच्या जाळीत दिसतो, तो. इथं या उघड्या दगडांत, समुद्र ओलांडून, वाट चुकून आलेला. पंख जरा पडलेले होते. एक पाचोळ्याचं पान उलटायचा, थांबायचा, जणू दुसरं उलटावं की नको याचा विचार करायचा. मी आयुष्यात पहिल्यांदा एका पक्ष्याकडे बघून 'बाबा, किती दमलास' असं म्हणालो असेन, मनातल्या मनात.

भावोजी रडत होते. आवाज न करता, दुर्बिणीच्या मागे. मग त्यांनी सकाळचा कागद मागे सारला, कोरा घेतला आणि लिहिलं. 'सकाळी ७.४०, सातवी मोरी, नवरंग, नग १. स्थिती उत्तम, थकलेला.' सही केली. पेन माझ्याकडे दिलं. मी तारखेसकट सही केली. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून त्यांनी फोटो काढला, पण तो हलला. त्या फोटोत पिवळं-हिरवं काहीतरी ओलसर पसरलेलं दिसत होतं, इतकंच. परतताना पठाणानं विचारलं, "आज कितना निकला?" भावोजी म्हणाले, "एक।" आणि चालत राहिले. त्यानंतरचे पक्षी त्यांनी त्या दिवशी मोजलेच नाहीत. बारा वर्षांत तेवढाच एक दिवस.

आणि तेवढाच एक दिवस त्यांचा सावधपणा सुटला. घरी गेल्या गेल्या त्यांनी तो धूसर फोटो ग्रुपवर टाकला आणि बातमी दिली. मोठी माणसं जागी झाली. इथं हा पक्षी त्यांच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. फोटो फारच वाईट आहे, आणखी कोणी पाहिला का? भावोजींनी आनंदाच्या भरात आपल्या इंग्रजीत लिहिलं, 'यस सर. आल्सो सीन बाय माय ब्रदर्स वाइफ्स ब्रदर.' हे नातं सोडवण्यात त्या ग्रुपमधल्या साहेबमंडळींचा अर्धा तास गेला असेल. आमच्या साहेबांना मात्र ते सोडवायची गरज नव्हती.

मंगळवारी सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा उत्सुक होता. आज आठवतो तेव्हा कळतं, उत्सुकच होता, रागावलेला नव्हता. पण मला तेव्हा फक्त टेबलावरचा लीव्हचा अर्ज दिसला. टेबलावरच्या कागदांत तो खरोखर असेलच असंही नाही. त्यांनी विचारलं, "काल तू तिथं होतास का? तू पाहिलास?"

मी म्हणालो, "नाही सर. मी घरी होतो. कंबर धरली होती."

इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. भ्याडपणालाही एक मर्यादा असते. पण साहेब गोंधळून म्हणाले, "मग त्यांनी असं का लिहिलं?" आणि मी, ज्याला त्या माणसानं आपली खाट दिली होती तो मी, हसलो आणि म्हणालो, "वय झालंय सर त्यांचं. नजरही पहिल्यासारखी नाही. एकटे राहतात. कधीकधी त्यांना गावाकडचं दिसतं."

साहेबांनी मान हलवली. सहानुभूतीनं. मग ग्रुपवर अतिशय सभ्य शब्दांत लिहिलं, की दुसरे निरीक्षक त्या दिवशी तिथं नव्हते असं समजतं. त्यावर एकानं लिहिलं, मग तो बहुतेक वेडा राघूच असावा. खाली पाच-सहा जणांचे अंगठे आले. भावोजींनी काहीच लिहिलं नाही. ना खुलासा, ना राग. त्या रविवारपासून त्यांनी ग्रुपवर कागदाचा फोटो टाकणं बंद केलं. कोणी विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी मी जाणार नव्हतो. पण शनिवारी नेहमीच्या वेळी त्यांचा फोन आला, "येताय ना?" आणि मला नाही म्हणता आलं नाही. सगळा रस्ता मी तयारी करत गेलो. ते ओरडतील, मी पाय धरीन. ते टोमणा मारतील, मी खाली मान घालीन. ते मुरमाच्या रस्त्याच्या तोंडाशी नारिंगी जाकिटात उभे होते, हातात घावण्यांचा डबा. मला बघून म्हणाले, "कंबर कशी आहे आता?"

मी त्या वाक्यात टोमणा शोधला. दोन वर्षं शोधतोय. सापडला नाही. मी म्हणालो, "बरी आहे." ते म्हणाले, "सांभाळा. गाडी फार चालवता," आणि चालू लागले. सातव्या मोरीपाशी थांबले नाहीत, फक्त पावलं थोडी हळू पडली. शेवटी नेहमीसारखा कागद पुढे केला, पेन दिलं. होला, नग नऊ. वेडा राघू, नग सहा. मी सही केली. त्यांनी माझी सही अजून चालवून घेतली, हे मला त्या दिवशी जितकं लागलं तितकं ओरडणं लागलं नसतं. मग मी पुढचं दीड वर्ष एकही रविवार चुकवला नाही. सबबीसुद्धा मनात आल्या नाहीत. आणि एकदाही बोललो नाही. दर वेळी पहिली मोरी गेली की ठरवायचो, दुसऱ्या मोरीपाशी सांगू. अशा चौदा मोऱ्या आहेत त्या रस्त्याला.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते रिटायर झाले. व्हिसा कॅन्सल झाला, सामान बांधलं. विमानतळावर मी सोडायला गेलो तर हेल्मेट आणि जाकीट त्यांनी पिशवीत घालून माझ्या हातात दिलं, आणि कागदांची एक जाड फाइल. "तुमच्याकडेच राहू देत. अर्ध्या सह्या तुमच्याच आहेत." मी ती फाइल गाडीच्या डिकीत ठेवली आणि बरेच महिने उघडली नाही. मध्ये एकदा ताईचा फोन आला. म्हणाली, "धाकटे भावोजी तुझं फार कौतुक करत होते हो सगळ्यांसमोर. माझ्या वहिनीच्या भावासारखा माणूस नाही म्हणाले, बारा वर्षं एका शब्दावर येत होता." मी म्हटलं, आवाज तुटतोय ताई, नेटवर्क नाही. नेटवर्क व्यवस्थित होतं.

परवा गाडी सर्व्हिसला द्यायची म्हणून डिकी रिकामी केली आणि फाइल घेऊन बसलो. तो कागद सापडायला वेळ लागला नाही, त्यावर एकच ओळ होती. सकाळी ७.४०, सातवी मोरी, नवरंग, नग १. खाली दोन सह्या. त्यांची बारीक, आणि माझी ऐसपैस, तारखेसकट. मी त्या सहीकडे बघत राहिलो. मी तिथं होतो याचा पुरावा पहिल्या दिवसापासून त्यांच्या पुठ्ठ्याच्या क्लिपमध्ये होता. ग्रुपवर इतके कागद टाकणाऱ्या त्या माणसानं हा एक कागद टाकला असता, तर एका मिनिटात त्यांचा शब्द खरा झाला असता. आणि माझी नोकरी गेली असती. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं फक्त एवढंच लिहून ठेवलं होतं: 'एक नग वादात. सापडल्यास पोचता करणे.'

दुसऱ्या दिवशी मी तो कागद साहेबांसमोर ठेवला. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. मी एकेक रकाना वाचून दाखवला. 'थकलेला' याचं इंग्रजी करायला मला दोनदा सुरुवात करावी लागली. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुझी कंबर." मी म्हणालो, "हो सर." ते खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "मला सांगायचंस ना. मीच गाडी काढली असती." त्यानंतर एचआरकडून मला एक कडक पत्र आलं. ते मी फाइलमध्ये त्याच कागदामागे लावलं आहे, माल कशाबरोबर आला हे कळावं म्हणून. साहेबांनी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. तीन अंगठे आले. चौथा येण्याआधी कोणीतरी फ्लेमिंगोंचा फोटो टाकला.

मग मी गावी फोन लावला. भावोजी अंगणात असावेत, मागे कोंबड्या होत्या.

"भावोजी, मी पाहिला होता."

"कोण?"

"नवरंग."

मग ते म्हणाले, "पाहिला होता म्हणजे? मांडीला मांडी लावून बसला होतात माझ्या."

"साहेबांना सांगितलं मी. सगळं."

"कंबरेचंसुद्धा?"

"कंबरेचंसुद्धा. आणि तुमच्याबद्दल बोललो ते, वयाचं, नजरेचं, तेही."

"ते कशाला?" ते हसल्यासारखे झाले. "नोकरी आहे ना?"

"आहे."

"मग बरं." त्यांनी इतका लांब श्वास सोडला, की मला वाटलं दोन वर्षं तो आत धरला होता.

"भावोजी, तो कागद तेव्हाच का नाही टाकलात?"

"काहीतरीच काय. तुम्ही वहिनीचे भाऊ. तिला काय सांगितलं असतं, एका पाखरासाठी तुझ्या भावाला घरी पाठवला?" मग समजावल्यासारखं, "आणि पाखरू कुठं जात होतं, पाव्हणे? ते आलं होतंच ना. आता असं करा. त्या शेऱ्यापुढे 'पोचला' लिहा. आजची तारीख घाला. खाली सही करा."

"आणि दुसरी सही?"

"दुसरी मी आल्यावर करतो की," ते म्हणाले. "जेवलात का?"

त्यांचा व्हिसा नाही, गुडघे चालत नाहीत, आणि ते येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. मी 'पोचला' लिहिलं. तारीख घातली. सही केली, या वेळी जरा बारीक. शेजारची जागा मोकळी आहे. रविवारी मी अजून जातो, नारिंगी जाकीट माझ्या पोटावर ताणून बसतं. पठाण लांबूनच विचारतो, "आज कितना निकला?" मी आकडा सांगतो, पण नक्की म्हणून सांगत नाही. कागदावर माझी एक सही असते. एका सहीवर काही उतरत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं आहे. तरी मी प्रत्येक ओळीपुढे दुसऱ्या सहीची जागा सोडतो, आणि सातव्या मोरीपाशी, बोरीच्या सावलीत, थोडा वेळ धुळीत बसून घेतो.